सेल्वमचा खाउस्वे

मणिपूरच्या सीमेवर, एका डोंगरमाथ्यावर आमची सिग्नलची तुकडी होती. मी हवालदार, टेलिफोन एक्स्चेंजवर. तारा सांभाळायला लान्स नायक सेल्वम. जन्म रंगूनचा. घरचे तिकडचं सगळं सोडून मद्रासला आले आणि हा फौजेत आला. पोस्टवर रोज डाळ-रोटी आणि रोज लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, नावाने बोटं मोडणं. रजेवरून येताना सेल्वम नारळ आणायचा, सीमेवरच्या गावातून नूडल्स मिळवायचा आणि बर्मी खाउस्वे करायचा. नारळाच्या दुधाचा दाट पिवळा रस्सा, त्यात नूडल्स, वरून तळलेला कांदा आणि लिंबू. तो शाकाहारी, त्यामुळे मांस-मासळी नाही. मी दोनदा पोटभर खाल्ला. करताना मात्र कधी पाहिला नाही, कारण कानाला हेडसेट.

तिसऱ्यांदा रस्सा चुलीवर असताना पुढच्या पिकेटची, म्हणजे चौकीची, टेलिफोन लाइन गेली. सेल्वमने टूलबॅग उचलली. चुलीशेजारी एका मगात त्याने काहीतरी पिवळं कालवून ठेवलं होतं.

"उस्ताद, इसको हाथ मत लगाना. मैं आके डालूँगा."

दुपारी पिकेटवरून त्याचा फोन आला. "लाइन ओके, उस्ताद. वापस आ रहा हूँ."

परतीच्या वाटेवर फायरिंग झालं. संध्याकाळी आम्ही त्याला खांद्यावरून वर आणलं.

पेन्शनवर नागपूरला आलो त्याच वर्षी एक बर्मी भंते दीक्षाभूमीला आले आणि आमच्या वस्तीतल्या विहारात उतरले. एक दिवसाचं भोजनदान आमच्याकडे आलं. दान सेल्वमच्या नावाने द्यायचं आणि त्याच्याच पदार्थाचं द्यायचं, असं मी जाहीर करून टाकलं.

"वरण-भात करा ना," सुमन, माझी बायको म्हणाली. "भंतेजींवर प्रयोग काहून?"

"त्याचं नाव घ्यायचं तर त्याचंच जेवण."

नूडल्स कुठे मिळणार? तिने उन्हाळ्यात केलेल्या जाड शेवया काढल्या. मी इतवारी बाजारातून नारळ आणले, खवले, पिळले. स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे होता आणि मी ऐटीत होतो. भंते दुपारी बारानंतर घास घेत नाहीत. साडेअकराला ते आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले, तेव्हा माझ्या पातेल्यात नुसतं पिवळं पाणी होतं. आच वाढवली तर वर तेल तरंगायला लागलं.

"हे पाणीच हाय अजून," सुमन म्हणाली. "दाट व्हाले काय टाके तो?"

मला आठवेना. घड्याळाकडे बघत मी नुसती पळी फिरवत होतो. पाहुणा उपाशी उठणार आणि तेही सेल्वमच्या नावावर, ही भीती होती.

"मगात काहीतरी पिवळं कालवलं होतं," मी म्हणालो.

"पिवळं? बेसन असन."

"बर्मात बेसन?"

"सरका तिकडं."

तिने रोजच्या झुणक्याच्या डब्यातलं बेसन थंड पाण्यात कालवलं, हळूहळू सोडलं आणि ढवळत राहिली. बघता बघता रस्सा दाटला. चव घेतली आणि मला डोंगरावरची ती चूल दिसली.

भंतेंनी पहिला घास घेतला. थांबले. पात्र पुन्हा पुढे केलं.

"बेसन," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "मेरी माँ भी डालती थी."

माझा जीव भांड्यात पडला. सुमनने माझ्याकडे बघितलं नाही, पण पदराआड हसत होती. बाराला अजून अवकाश होता.

जेवणानंतर पुण्यानुमोदनाचं, म्हणजे दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला अर्पण करायचं, पाणी ओतायची वेळ आली. भंतेंनी विचारलं, "किसके नाम से?"

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. "लान्स नायक सेल्वम. लाइनमन, सिग्नल."

ते गाथा म्हणत होते तोवर मी पाण्याची धार धरली. डोळे भरून आले, ते पुसले नाहीत.

भंते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. सुमनने एक ताट वेगळं वाढून ठेवलं होतं. जेवता जेवता तिने विचारलं, "त्या दिवशीच्या त्या मगाचं काय झालं?"

"सकाळपर्यंत चुलीपाशीच होता," मी म्हणालो. "हात लावू नका म्हणाला होता. कोणी लावला नाही."