रानतंबाखूच्या कागदावरची दुसरी चिठ्ठी

मोहरील सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिलाई मशिनवर बसले होते. सरांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज नेहमीसारखाच, थोडा घाईतला. "सुमन, सर गेले वं. चहा मागितला, मी घेऊन आले तोवर..." मी शिवण तशीच टाकून निघाले. सक्करदऱ्याहून धरमपेठेत सरांच्या घरी जायचं तर दोन ऑटो बदलावे लागतात. दुसऱ्या ऑटोत बसल्यावर कळलं, मापाची टेप गळ्यात तशीच राहिलीये. दारात पोचले तर पायऱ्यांवर त्यांचे विद्यार्थी उभे, कोणी प्राध्यापक, कोणी जंगल खात्यात मोठ्या हुद्द्यावर. मी टेप पिशवीत कोंबली आणि मागच्या दारानं आत गेले.

त्याला आता सहा आठवडे होत आले. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे; त्यांच्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी चांगलं चांगलं लिहिलं आहे. मी त्यांची विद्यार्थिनी नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. पण सरांची एक गोष्ट फक्त मला माहीत होती, ती लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझं माहेर निपाणीकडचं. शाळा सुटली आणि मी आईबरोबर तंबाखूच्या शेतात जाऊ लागले. रोपं लावायची, शेंडे खुडायचे, पानांच्या बगलेतले फुटवे काढायचे. लग्नानंतर नवऱ्याला कळमन्याच्या बाजारात मापाऱ्याचं काम मिळालं आणि आम्ही नागपुरात आलो. इथं मराठीच बोलतात, पण कोणी बाई 'का?'च्या जागी "काहून?" म्हणाली की मला वाटायचं, ही रागावली. पहिलं वर्षभर मी कोणाशी धड बोलले नाही. शिवणकाम तेवढं करत होते. काकूंचे ब्लाउज द्यायला गेले, तेव्हा पुढच्या खोलीत सर टेबलावर वाकून बसले होते. समोर जाड पांढरा कागद आणि त्यावर वाळवलेलं एक झाड. डिंकानं चिकटवलेली जाड काडी पुन्हा पुन्हा उचकटत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, त्याला टाका घाला की." म्हटलं आणि मीच घाबरले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग घालून दाखव." मी घातला. मागच्या बाजूला गाठ दिसू दिली नाही. सर आत बघून ओरडले, "अगं, कॉलेजात तीस वर्षं मी डिंक फासत राहिलो, अन् ही पोरगी आता सांगून राहिली!" आतून काकू म्हणाल्या, "तुमचं शर्टाचं बटण लावताना मी हेच सांगत होते."

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी सरांकडे जाऊ लागले. काम असं की रद्दी कागदात दाबून वाळवलेलं झाड जाड कागदावर चढवायचं. झाड लांब असलं तर तोडायचं नाही, दुमडून बसवायचं. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. तिच्यावर झाडाचं नाव, ते कुठे मिळालं, कोणी आणलं आणि कोणी ओळखलं. मग ज्या नावाचं झाड, त्या नावाच्या दुमडलेल्या मोठ्या कागदात, म्हणजे घडीत, घालून तो कागद कपाटात ठेवायचा. इंग्रजी अक्षरं मला लावून लावून वाचावी लागत. सर थांबत. कधी "राहू दे, मी वाचतो" असं म्हणाले नाहीत. घरापासून इतक्या लांब मला कोणी शिकवत बसेल, असं मी धरून चालले नव्हते. सर मला निपाणी म्हणूनच हाक मारत. "काहून वं निपाणी, आज गप्प काहून बसून राहिली?" त्यांच्या तोंडून काहून ऐकून ऐकून माझी त्या शब्दाची भीती गेली.

एका हिवाळ्यात सर सक्करदरा तलावाच्या काठानं फिरून आले आणि पिशवीतून एक झुडूप काढून माझ्यापुढे धरलं. "ओळख." पान चोळून वास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "तंबाखू हाय की ही! पण लईच रोडावलीया." सर म्हणाले, रानतंबाखू. मी म्हटलं, आमच्याकडे घाटात देवनळाला रानतंबाखू म्हणतात. सर हसले. देवनळ हा तंबाखूच नव्हे, म्हणाले, म्हणून तर जगभर चालेल असं एक नाव लागतं. मग त्यांनी सांगितलं, ही मूळची अमेरिकेतली, इकडे येऊन रानात पसरली. निकोटियाना प्लम्बॅजिनिफोलिया. पहिलं नाव एका फ्रेंच राजदूतावरून पडलं, दुसऱ्याचा अर्थ चित्रकासारख्या पानांची. "पण ही ती नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बघ, पानं किती अरुंद. लव किती दाट. फुलाची नळी निम्मीच, अन् जांभळी." आयुष्यभर सरांनी दुसऱ्यांनी नावं दिलेली झाडं ओळखली होती. स्वतः नाव द्यावं असं झाड त्यांना कधी मिळालं नव्हतं. ते मिळालं असं त्यांना वाटत होतं. नावही ठरलं होतं, नागपुरेन्सिस. मी म्हटलं, तुमचंच नाव द्या की. तर म्हणाले, "स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. ते मागून कोणी दिलं तर दिलं."

त्या झाडाचे दोन कागद मी तयार केले. दोन्हींच्या चिठ्ठीवर सरांनी नवी जात असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एक घरी ठेवला. दुसरा त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीला, अनघा मॅडमना, त्या शिकवतात त्या कॉलेजात पाठवला. आणि त्याच कामात मी एक चोरी केली. तंबाखूचं बी धुळीसारखं असतं. बोंडं फुटून ते रद्दी कागदावर सांडलं होतं. ते पुडीत भरून कागदावर चिकटवायचं असतं, एक दाणाही इकडेतिकडे होऊ द्यायचा नसतो. मी चिमूटभर पदराच्या टोकाला बांधलं. माहेरचा वास घरी असावा, एवढंच मनात होतं. रंगाच्या रिकाम्या बादलीत माती आणि शेणखत घालून ते पेरलं.

ते उगवलं आणि माझी झोप उडाली. पानं रुंद, तळाशी छान पसरलेली. लव विरळ. फुलं आली ती लांब नळीची, पांढरट. तलावाकाठची झाडं दगडगोट्यांतली, उपाशी. बादलीतल्यांना खायला मिळालं होतं. कसदार आणि हलक्या रानातली तंबाखू किती वेगळी दिसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे जात जुनीच, फरक फक्त मातीचा. मी आधीच का बोलले नाही? सर लेख लिहायला बसले होते. सांगावं तर बी चोरल्याचं कबूल करायला हवं, वर त्यांची नवी जात जाते. आठ दिवस मी कामाला गेले नाही, ताप आला म्हणून कळवलं. नवव्या दिवशी सरच स्कूटरवरून दारात. "बघू, कुठे आहे ताप?" मी रडायलाच लागले आणि बोटानं बादली दाखवली.

सर पायरीवर बसले. भिंग काढलं. "हे तेच बी?"

"व्हय सर. चोरलं म्या."

त्यांनी एक फूल तोडलं, उभं चिरलं, पट्टीवर ठेवलं. दुसरं तोडलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "गेली वं नागपुरेन्सिस." आणि थोड्या वेळानं, "चहा करतेस का? साखर जास्त टाक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या कागदावर, जुन्या चिठ्ठीखाली, नवी चिठ्ठी लिहिली. साधं जुनंच नाव. ओळखणारा म्हणून स्वतःची सही. खाली एक ओळ, सुमनने बियांपासून वाढवलेल्या झाडांवरून. मी विचारलं, वरची काढू का? "काढायची नसते. काय वाटलं होतं, तेही दिसू दे." तो कागद त्यांनी मलाच नेहमीच्या जातीच्या घडीत ठेवायला लावला. अनघा मॅडमना मात्र त्यांनी कळवलं नाही. सांगू, सांगू म्हणाले. फोनवर मॅडमनी विचारलं की सर म्हणत, काम चालू आहे. इतक्या सरळ माणसालाही तेवढं बोलणं जड गेलं. पुढे आजारपण आलं आणि ते राहूनच गेलं.

शोकसभा घरीच झाली. अनघा मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सरांची नवी जात आम्ही प्रसिद्ध करणार. घरचा कागद नव्या जातींच्या घडीत सापडला नाही, पण माझ्या कॉलेजातला आहे. झाडाला सरांचंच नाव देऊ. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "नाव राहील त्यांचं," म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराशी बसले होते. उठले ती मागच्या दारानं घरी आले.

तीन दिवस डोक्यात तेच. काकूंचं एवढं समाधान मी मोडायचं? पण ते नाव टिकणार नव्हतं. उद्या कोणीतरी हेच बी चांगल्या मातीत पेरेल आणि सरांचं नाव चुकीच्या यादीत टाकेल. आणि तेही, सरांनी स्वतः चूक मान्य केल्यावर! चौथ्या दिवशी गेले आणि काकूंना सगळं सांगितलं, चोरीसकट. काकू म्हणाल्या, "मले काहून नाही सांगितलं गं त्यांनी?" मग स्वतःच म्हणाल्या, "लाजले असतील." कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी नेहमीच्या जातीची घडी उघडली. काकूंनी दुसऱ्या चिठ्ठीवरच्या सहीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दुसऱ्या हातानं फोन लावला. "अनघा, ये. तुझा कागद घेऊन ये."

मॅडम आल्या. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता रागावतील. "बादलीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय, रंगाच्या." त्या खुर्चीवर बसल्या. "मला सांगायला हवं होतं सरांनी..." त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "तुलेच सांगणं तर कठीण होतं, बाई."

मग मॅडमनी पिशवीतून आपला कागद काढला आणि माझ्याकडे कोरी चिठ्ठी मागितली. नाव लिहिलं, ते जुनंच. ओळखणारा या शब्दापुढे पेन थोडं थांबलं आणि त्यांनी लिहिलं, मोहरील. खाली माझ्या नावाची ती ओळ जशीच्या तशी उतरवली. मी डिंक कालवला. चिठ्ठी जुनीच्या खाली लावली, फडक्यानं दाबली. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मॅडम उचलायला गेल्या तर मी म्हटलं, "थांबा मॅडम, ओली आहे अजून."

आम्ही तिघी तिथंच बसून राहिलो, ती वाळेपर्यंत.