काकी मागाहून जेवायच्या

"साखर उतरली नाही तर पाऊल कापावं लागेल," डॉक्टर म्हणाले. सुंद्रीकाकी खाली मान घालून बसल्या होत्या. मी त्यांचं ड्रेसिंग सोडत होते. अंगठा काळा पडला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या बेटावर, रिव्हिएर दू रांपार गावाकडच्या एका दवाखान्यात मी अटेंडंट होते. जखमा धुवायच्या, नर्सबरोबर घरोघर जायचं, हे माझं काम. रक्तात साखर चढलेली राहिली की पायाची जखम भरत नाही, सडते. काकी वॉर्डात असल्या की साखर खाली. घरी गेल्या की वर.

"काय खायला घालता यांना?" डॉक्टरांनी सुनेला विचारलं.

"खातात कुठे, डॉक्टर? सोमवारी कारेम, शुक्रवारी कारेम. बाकीचे दिवस म्हणतात, तुम्ही जेवा, मी मागाहून जेवीन."

कारेम म्हणजे आमच्याकडे उपास. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. गावात मात्र बोलणं सुरू झालं, सून गोड घालून सासूला मारतेय.

पुढच्या मंगळवारी ड्रेसिंगला गेले. नर्स शेजारच्या घरी होती. मुलगा-सून जेवून भाजीच्या मळ्यात गेले होते. गरम पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात शिरले. काकी उभ्यानेच डेगचीतून भात खात होत्या. मग फराटे, म्हणजे आमच्याकडचे पराठे. मग कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात बोटं. नीट चावतही नव्हत्या.

"एवढी भूक?"

"पोट केव्हाच भरलं गं. हात थांबत नाही."

"कधीपासून?"

"हे गेले तेव्हापासून. कुणाला सांगू नको."

"डॉक्टरला सांगणार. तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते."

"आयो! परपुरुषासमोर? लाज आहे का तुला?"

"पाऊल कापायला तोच येणार आहे."

काकी बोलल्या. डॉक्टर रागावले नाहीत. हाही आजारच आहे म्हणाले; उपाशी राहिल्याने तो वाढतो. उपास बंद. वेळच्या वेळी थोडं थोडं खायचं, आणि एकटीने नाही.

उपास सोडायला काकी तयार झाल्या. अडलं भलतीकडेच. "मी सगळ्यांबरोबर जेवायला बसू? मग वाढणार कोण?"

"मला हात नाहीत का?" सून म्हणाली.

रोज काही जमलं नाही. अधूनमधून डेगची रिकामी सापडायचीच. पण साखर उतरत गेली. अंगठा गेला, पाऊल राहिलं.

पुढे साखरेची कुणी म्हातारी आली की काय खाता, हे मी विचारत नसे. त्यावर सगळ्याच खोटं बोलतात. मी विचारायची, कुणाबरोबर जेवता? त्याचं उत्तर कुणी घरून ठरवून आणत नसे.