नलूला सांगितलेली वेळ

जानेवारी १९८९, संक्रांत होऊन गेलेली, रविवार. जागा – जळगावात मेहरूणकडच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंगचं गोदाम. रक्कम – काही नाही. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही. हजर – शैलाताई, मी, दगडूभाऊ, त्यांची बायको सुमनबाई, त्यांची नऊ वर्षांची नलू, आणि घरी निघालेल्या मुलांचे सात-आठ आईबाप.

त्या दिवशी काय झालं ते मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, मग आता का? – कारण ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना गेल्या महिन्यात सांगून झालंय. म्हणून आज मन हलकं आहे. ते तसं आहे याचीही थोडी लाज वाटते. पण खोटं कशाला सांगू? हलकं वाटतंय.

मी तेलाच्या गिरणीत हिशेबनीस. बाजारात माझी ओळख एकच – आप्पांचा आकडा चुकत नाही. लोक पावती न मोजता खिशात घालायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

शैलाताई आमच्या गल्लीत राहायच्या, शाळेत शिक्षिका. त्यांनी लहान मुलांसाठी एक नाटक बसवलं होतं, पण ते बघायचं नाटक नव्हतं. आंधळी मुलं, बहिरी मुलं, ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत अशी मुलं आणि आपली धडधाकट मुलं – सगळी एकत्र चटईवर बसायची. गोष्ट एका शेताची होती. प्रत्येक मुलाच्या मांडीवर एक सूप. गोष्ट पुढे जाईल तसं त्या सुपात काहीतरी यायचं – बाजरीचं कणीस, ओली माती, कापसाचं फुटलेलं बोंड. प्रत्येक मुलाजवळ नाटकातलं एक माणूस बसलेलं, जोडीदार. तो आधी खांद्यावर हात ठेवायचा, मगच वस्तू द्यायचा. मधेच पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवून वांगी भाजायची, त्याचा वास गोदामभर. शेवटी सगळ्यांनी सरकीच्या ढिगात लोळायचं. जोडीदार वीस, म्हणून मुलंही वीस. एकही जास्त नाही.

माझं काम सामानाचं आणि वेळांचं. वेळांचं म्हणजे असं – शैलाताईंची पद्धत होती की प्रत्येक मुलाने नाटकाआधी येऊन जागा हाताने बघून घ्यायची. भिंत कुठे, चटई कुठे, दार कुठे. सगळी एकदम आली तर गोंधळ होणार, म्हणून प्रत्येकाला वेगळी वेळ. कुणी साडेबाराला, कुणी पाऊणला. त्या वेळा मी ठरवायचो आणि मीच तोंडी सांगायचो. शैलाताई विचारायच्याही नाहीत. आप्पांनी सांगितलं म्हणजे झालं.

आता नलूचं सांगतो. अमळनेर रस्त्यावरच्या एका खेड्यातली. दिसत नव्हतं, ऐकूही फारसं येत नव्हतं, मान सारखी हलायची. शैलाताईंना ती एका तपासणी शिबिरात भेटली होती, आणि खरं सांगायचं तर हे नाटक त्यांना सुचलं ते नलूला बघूनच. तालमीला दोनदा आणली होती तिला. वांगी भाजायला लागली, वास गेला, आणि ती ओरडली. ते ओरडणं कसं सांगू? आनंदाचंच होतं, हे तिच्या आईला बघून कळत होतं. पण आवाज असा होता की शेजारची दोन मुलं रडायला लागली. एका व्यापाऱ्याच्या सुनेने आपला मुलगा उचलला आणि ती तडक बाहेर गेली.

मी शैलाताईंना म्हटलं, प्रयोगाच्या दिवशी असं झालं तर?

त्या हसल्या. “झालं तर होऊ द्या, आप्पा. नाटकाने पोरांना सांभाळायचं. पोरांनी नाटकाला नाही.”

पण त्या दिवशी धुळ्याहून पाहुणे येणार होते. त्यांना आवडलं तर धुळ्यातल्या शाळांमधून नाटक नेणार, गाडीभाडं देणार, पुढच्या वर्षाची सोय होणार. मी मनात मांडणी केली – नलू एक. ती ओरडली तर उठून जाणारी चार-पाच. पाहुण्यांचं तोंड वाकडं. वीस मुलांचं नाटक एका मुलीपायी बुडणार. हिशेब म्हणून त्यात चूक नव्हती, असं तेव्हा वाटलं. तुम्हाला कधी असं झालंय का – वजाबाकी बरोबर येते आणि तरी पाटी पुसून टाकावीशी वाटते?

मी पुसली नाही.

शनिवारी सुमनबाई बाजाराला आल्या होत्या, त्या गिरणीच्या फाटकाशी वेळ विचारायला आल्या. डोक्यावर पाटी तशीच. प्रयोग दोनला होता. नलूने एकला यायला हवं होतं. मी म्हटलं, “चार वाजता या, वहिनी.”

एवढंच. चार वाजता. माझ्या आयुष्यात मी मुद्दाम चुकीचा सांगितलेला तो एकच आकडा. त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा घोकला – चार, चार – आणि गेल्या.

रविवारी दोनला नाटक सुरू झालं. नलूची चटई रिकामी. तिची जोडीदार, कॉलेजातली एक मुलगी, सूप घेऊन दाराकडे बघत बसलेली. मी पाहुण्यांपैकी एकाचा नातू त्या चटईवर नेऊन बसवला. वीसचे वीस झाले. नाटक सुरेख झालं. पाहुणे म्हणाले, “किती शांत बसतात हो तुमची मुलं!” शैलाताई दाराकडेच बघत होत्या.

साडेतीनला ते तिघं आले. वेळेच्या आधी अर्धा तास. नलूच्या केसांना तेल, अंगात नवा फ्रॉक. आम्ही सरकी पोत्यांत भरत होतो.

शैलाताई धावत गेल्या. “अहो, दोनला होता ना! कुठे होतात?”

दगडूभाऊ बायकोकडे वळले. सगळ्यांसमोर. “येळ बी ध्यानमा राहत नही का तुले? दोन आनि चारमा काही फरक शे का नही?”

“चारच सांगेल व्हतं,” सुमनबाई म्हणाल्या. हळू, पण ऐकू जाईल असं.

“मंग आप्पा खोटं बोलतीन का?”

कुणीतरी हसलं. सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्या माझ्या तोंडून खरं निघायची वाट बघत होत्या. एक शब्द हवा होता. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, “असू द्या, दगडूभाऊ. चुकतं माणूस.”

वेळ खोटी सांगितली ते एक. पण हे वाक्य – हे मला जास्त लागतं. मी त्या बाईला क्षमा केली! माझ्या चुकीची, सगळ्यांदेखत, मोठ्या मनाने. आणि मी बघितलं, त्यांच्या डोळ्यांतला ठामपणा हलला. त्यांना खरंच वाटायला लागलं की आपणच चुकलो. नलू दाराच्या चौकटीला तोंड लावून उभी होती. आत अजून वांग्यांचा वास होता. ती ओरडली, तेच ओरडणं, आणि दगडूभाऊंनी तिला उचलून एस.टी.कडे नेलं.

शैलाताईंनी पुढच्या प्रयोगांना त्यांना निरोप धाडले. दगडूभाऊंचं उत्तर आलं, हिच्या भरवशावर पोरीला पाठवणार नाही आणि मला शेतातून सवड नाही. तेव्हाही मी गप्प. धुळ्याला चार प्रयोग झाले. मग शैलाताईंची बदली झाली, नाटक थांबलं. जिच्यासाठी ते सुचलं होतं तिच्या मांडीवर सूप काही आलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला रोज टोचत असेल. नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, दोन मुलींची लग्नं केली. अशी गोष्ट रोज टोचत नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं राहते.

गेल्या महिन्यात कामासाठी अमळनेरला गेलो होतो. स्टँडवर चहा पिताना दगडूभाऊ भेटले. केस पांढरे, हसणं तेच. घरचं विचारलं. तर म्हणाले, “आमनी चारवाली नही का! बरी शे.”

मला कळलं नाही. म्हटलं, कोण चारवाली?

“नलूनी माय! त्या दिनपासून नावच पडी गयं. मीठ जास्त पडनं तरी चारवाली, दूध उतू गयं तरी चारवाली. आते तर गल्लीमा बठ्ठा लोक तेच म्हंतस.” आणि ते मनापासून हसले. “तुम्हीच साक्षी ना, आप्पा!”

चहा तसाच ठेवला. आठ वर्षं. मी सांगितलेला आकडा त्या बाईचं नाव झाला होता. दगडूभाऊंना म्हटलं, तुमच्याबरोबर घरी येतो. ते खूश झाले. गाडीत पाऊण तास पिकापाण्याचं बोलत होते. मी खिडकीशी बसून वाक्य जुळवत होतो, आणि प्रत्येक जुळवणीत कुठेतरी ‘पण’ यायचा. पण पाहुणे येणार होते. पण वीस मुलांचा प्रश्न होता. गाव येईपर्यंत सगळे ‘पण’ काढून टाकले.

ओट्यावर दगडूभाऊंची म्हातारी आई तूर निवडत होती. शेजारच्या दोघीजणी बसलेल्या. नलू खांबाला टेकून – सतरा वर्षांची झालेली, मान अजून तशीच हलते. सुमनबाई पाणी घेऊन आल्या. मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांना म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला –”

त्यांनी मधेच थांबवलं. “माले नका सांगू. माले मालूम शे. त्यासले सांगा.” आणि नवऱ्याकडे बोट केलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. मला वाटायचं मी त्यांच्या डोळ्यांतला ठामपणा पुसला होता. तो पुसला गेला नव्हता. फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

मी दगडूभाऊंकडे वळलो. “वेळ मी चार सांगितली होती. वहिनींनी बरोबर लक्षात ठेवली. नलू ओरडेल म्हणून मी मुद्दाम चुकीची सांगितली. आणि सगळ्यांसमोर त्यांना खोटं पडू दिलं.”

म्हातारीने निवडणं थांबवलं. “हाऊ मानूस काय सांगस?”

दगडूभाऊंनी टोपी काढली, परत घातली. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मला कळलं, संध्याकाळपर्यंत हे गल्लीभर होईल. तेच मला हवं होतं. ज्या गल्लीत नाव पडलं त्याच गल्लीत ते फिटायला हवं.

नलूला सांगायची तऱ्हा मात्र मला येत नव्हती. शैलाताईंना आली असती. मी खांद्यावर हात ठेवला, तिने तो झटकला. तिचं राहिलं ते राहिलंच. ते मी कमी करून सांगत नाही.

एवढं सांगतो, वाक्य तोंडातून गेलं तेव्हा छातीतून काहीतरी उतरलं. परत जाताना मी एस.टी.त झोपलो, जळगाव आलं तेव्हा कंडक्टरने हलवून उठवलं. शैलाताईंना नाशिकच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी चालेल.

निघण्याआधी सुमनबाई नवऱ्याकडे बघत मला म्हणाल्या होत्या, “त्या दिननं भाडं द्या, आप्पा. सव्वीस रुपया. मन्या मजुरीमातून कापी लिन्हात यासनी.”

मी पन्नासाची नोट काढली आणि म्हटलं, राहू द्या सगळे. त्यांनी मान हलवली, आत गेल्या, डब्यातून सुटे आणून माझ्या हातावर ठेवले. दगडूभाऊ समोर उभे होते. सव्वीस रुपये सुमनबाईंनी कनवटीला लावले.