गोदावरीबाईचा चावलेला घास

बपेऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, तुला पहिला भात कोणी भरवला? तो आईचं नाव सांगेल. ते खोटं आहे. भरवला गोदावरीबाईनं. आया भाताच्या रोवणीला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्या की लेकरं हिच्या ओट्यावर. ही घास आपल्या तोंडात टाकायची, चांगला चावायची आणि लोण्यासारखा मऊ झाला की बोटानं काढून पोराच्या तोंडात द्यायची. सत्तरी आली तरी बत्तीशी शाबूत, त्यामुळे धंदा बंद पडायचं काही कारण नव्हतं. मीही त्याच घासांवर वाढलो.

तिची नात गुंजन, म्हणजे मुलगा कैलाश आणि सून करुणाची मुलगी, चौथ्या वर्षात आली तरी दुसरा घास ओळखायची नाही. पण तिचं पोट सारखं दुखायचं, खाल्लेलं उलटायचं, अंगाला मांस म्हणून धरेना. दृष्ट काढून झाली, बेंबीवर हिंग लावून झाला. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं येऊन तिचं पोट दाबून पाहिलं. धडधाकट पोटही दुखायला लागलं असतं. शेवटी करुणा तिला तुमसरला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पोटात जंतू घर करून बसलाय. लहान मुलांना तो बहुतेक घरातूनच लागतो. न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, मोठ्यांनी चावून दिलेल्या घासातूनही. गोळ्या मधात खलून द्या, आणि चावून भरवणं आजपासून बंद.

घरी हे ऐकून म्हातारी पेटली. "माह्या तोंडातून? मी रोज कडुनिंबाच्या काडीनं दात घासतो. तुमी तं ब्रश करता, तुमच्याच तोंडात असन जंतू." पण नातीसाठी जीव तुटत होता तिचा. तिनं गुंजनच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, यापुढे एक घास चावणार नाही. आणि शब्द पाळला. वरणभात हातानं कुस्करून द्यायला लागली. गुंजन तोंड मिटून घ्यायची, म्हातारी तिच्यापुढे नाक घासायची. करुणा रोवणीला जात असल्यानं औषधही म्हातारीच्याच हाती आलं.

औषध संपलं तरी पोट दुखायचं थांबेना. पुन्हा तुमसर. या खेपेला कैलाशबरोबर म्हातारीही निघाली, डॉक्टरीणबाईला जाब विचारायला. करुणा रडत सांगत होती की पोरीला काडीचा फरक नाही. मधेच म्हातारी खुशीत म्हणाली की तिची स्वतःची जुनी जळजळ मात्र गेली; परवाच मिरचीची भजी पचवली.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी विचारलं, गोळी कशी देत होतात?

"कडू होती ना, बाई. पोट्टी थुकून देत होती. मंग मीच चावून देल्ली." करुणाकडे बघून तिनं वर समजावलं, "घास कुठी चावला मी? गोळी होती थे."

करुणानं कपाळावर हात मारला. कैलाश खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला आणि पायरीवर बसून पोट धरून हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही, उलट निगरगट्ट होतो. आता औषध नव्यानं पूर्ण द्यावं लागेल. आणि आजी, तुमचीही तपासणी करू.

म्हातारीनं हळूच विचारलं, "म्हंजे माह्याच पायी दुखून राह्यलं होतं तिले?"

नक्की सांगता येत नाही, पण असू शकतं, असं त्या म्हणाल्या.

औषध आता करुणानं दिलं. आजी आणि नात दोघींनाही. गुंजनचं पोट शांत झालं आणि तिला खरीखुरी भूक लागायला लागली. एका दुपारी ती स्वतःच्या हातानं भात खाऊ लागली. म्हातारी मुद्दाम लांब, भिंतीला टेकून बसली होती. गुंजननं एक घास बराच वेळ चावला, बोटानं तोंडातून काढला आणि आजीपुढे येऊन उभी राहिली.

"आ कर, आजी."

म्हातारीचं तोंड आपोआप उघडलं. मग तिनं ते मिटलं.

"तुया तोंडातला तुयाच पोटात जाऊ दे, माय."

गुंजननं तो घास गिळला आणि पुढचा घ्यायला ताटाकडे पळाली. पोरगी आपल्या हातानं जेवत होती. म्हातारीला फार आनंद झाला, आणि ती पदर डोळ्यांना लावून रडली.