डब्याची मागची बाजू

आजाऱ्याला भेटायला नेलेला प्रोटीन पावडरचा डबा तुम्ही कधी उलटा करून वाचलाय?

माझ्या मधुमेही आत्याला पाहुण्यांनी असे तीन डबे दिले. ती रोज दुधातून पावडर घ्यायची आणि साखर वाढली की भाताला दोष द्यायची. काल मी भिंग लावून घटकांची यादी वाचली आणि हादरलो. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त, ते आधी लिहितात. पहिलं नाव साखरेचं होतं. प्रथिनांचा नंबर चौथा!

"अगं बाई! मी तांदूळसुद्धा निवडल्याशिवाय शिजवत नाही," आत्या म्हणाली, "आणि हे डोळे मिटून प्यायले?"

पाहुण्यांनी माया म्हणूनच आणलं होतं. त्या मायेचाच कुणीतरी धंदा केला; पुढे पिळदार दंड छापला आणि खरं मुंगीएवढ्या अक्षरांत मागे लपवलं. पुढचा डबा घ्याल, तेव्हा दुकानातच तो उलटा करा आणि पहिलं नाव मोठ्यानं वाचा.