एक इथं, एक तिथं

निलंग्यात आमच्या गल्लीतले कापडवाले अण्णा देवळात जाताना एक चप्पल दाराशी काढतात, दुसरी पार पिंपळाखाली. जोडी फुटली की चोर हात लावत नाही, हा त्यांचा हिशेब. जपानच्या सहलीत एका जुन्या लाकडी किल्ल्यात बूट काढूनच आत सोडत होते, तिथंही त्यांनी ते असेच दोन टोकांना ठेवले. वर चढताना मात्र जीव खालीच. प्रत्येक खिडकीतून वाकायचे आणि मला विचारायचे, "बूट दिसायलेत का रे?"

उतरलो, तर कुणीतरी दोन्ही बूट शेजारी नीट मांडून ठेवलेले. अण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजे हात लावलाच की!"

 आता गावी परतल्यावर महादेवाच्या देवळात ते दोन्ही चपला शेजारी ठेवतात, आणि अख्खी आरती देवाकडे पाठ करून म्हणतात.