गुन्हा कबूल नाही

चड्डीवर उभं केलं मला. कंपनीच्या गेटवर, टाइम ऑफिसच्या बाहेर, भर दुपारी.

आधी शर्ट काढायला लावला, मग बनियन, मग पँट. सिक्युरिटीवाल्यानं पँटचे खिसे उलटे करून झटकले. बसचा पास पडला. कंगवा पडला. जेवणाची सुट्टी चालू होती. पॅकिंगच्या बाया डबे उघडून झाडाखाली बसल्या होत्या. आधी त्या हसल्या. मग त्यांनी माना खाली घातल्या. हसण्यापेक्षा त्या खाली गेलेल्या मानांनी मला जास्त मारलं.

टेबलावर खाकी कागदातलं एक पुडकं ठेवलं होतं. माझ्या लॉकरमधून निघालं म्हणे. गांजा.

भोवती सगळे तमिळमध्ये बोलत होते. मला कळत नव्हतं. शिवी कळली नाही की अर्धीच लागते. मग राव सार आले. ते माझ्याशी मराठीत बोलले.

"खरें सांगून टाक. तुमच्या लोकांत हें घरोघर चालतें. मला काय ठाऊक नाहीं?"

ती मात्र पुरी लागली.

राव सार, म्हणजे राव सर, आमच्या कंपनीचे मॅनेजर. तंजावरकडचं मराठी घराणं, पिढ्यान्पिढ्या तिकडचं. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या सुरात हेलकावत चालणारी. मी लातूरकडचा. आयटीआय करून फिटर झालो, ठेकेदारामार्फत तमिळ मुलखात, गिंडीच्या ह्या कारखान्यात लागलो. त्याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची जुनी इमारत. एका खोलीत चौघं. बाकीचे तिघं तेलुगू बोलणारे. दिवसदिवस मराठी शब्द कानावर पडायचा नाही. पहिल्याच आठवड्यात राव सारांनी मशीनपाशी येऊन विचारलं, "कोण गांवचा रे तूं?" तेव्हा माझे डोळे भरून आले होते. परमुलखात कुणीतरी आपलं भेटलं, असं वाटलं.

त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. रविवारी ये म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गांवांत घर कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. बौद्धवाड्यात. ते "बरें" म्हणाले आणि निघून गेले. तो रविवार आला नाही. नंतर कुठलाच आला नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. सवय असते आम्हाला.

पोलीस आले तेव्हा मी कपडे घालत होतो. मी राव सारांना मराठीत सांगितलं की कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरांना कुलपंच नाहीत. कुणीही काहीही ठेवू शकतं. हेही सांगितलं की मालकांच्या पुतण्याला मी दोनदा त्या खोलीत पाहिलंय. त्याला स्वतःची एसी केबिन. घामाच्या कपड्यांच्या खोलीत त्याचं काय काम?

राव सार जवळ आले. आवाज अगदी मऊ होता.

"तें नांव पुन्हा तोंडांतून काढूं नको. मरशील."

पोलीस ठाण्यात माझ्यापुढे कागद ठेवले. सगळे तमिळमध्ये. कशावर सही करतोय ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पोलिसानं पेन हातात दिलं. मी मराठीत सही केली. ती तमिळ ओळींखालची माझी मराठी सही अजून मला दिसते. एखादा परका माणूस दुसऱ्याच्या घरात ओशाळून उभा असावा तशी.

मग तुरुंग.

तुरुंगात माझा बाप भेटायला आला. आबा. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लांब रेल्वेनं आला होता. ज्या माणसानं आमच्या वाड्यातला दारूचा गुत्ता बंद पाडला, त्यासाठी मार खाल्ला, तो माणूस. विहारात पोरांना गोळा करून सांगायचा, नशेपासून लांब राहा, आपल्याला शिकायचंय. जाळीच्या पलीकडे तो उभा राहिला. भेटीची वेळ संपत आली तेव्हा म्हणाला,

"खरं सांग. घेत व्हतास का?"

"नाही, आबा."

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, मला आजही माहीत नाही. गावी गेल्यावर त्यानं विहारातल्या बैठकीत बोलणं बंद केलं. मागं जाऊन बसायचा. माय फोनवर म्हणाली, "तुझा बाप आता ओट्यावर नाही, दाराच्या आत बसतो रे." गेटवर माझे कपडे उतरवले, पण त्या माणसाचं सगळं आयुष्य उतरवलं. हे दुःख मी कुठल्या कोर्टात मांडू?

सरकारी मदतीतून एक वकील मिळाल्या. तमिळ बाई, वयानं माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या. मी त्यांना अक्का म्हणायला लागलो. मोडक्या हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून त्यांनी मला माझाच खटला समजावला. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की आपण गेलो.

अक्का म्हणाल्या, नशेच्या पदार्थांचा कायदा केंद्राचा आहे. सगळ्या देशाला एकच. त्यात मालाच्या वजनावर सगळं ठरतं. गांजा एक किलोपर्यंत असेल तर थोडा माल. त्याची शिक्षा जास्तीत जास्त वर्षभर, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर असेल तर किमान दहा वर्षं, आणि जामीनसुद्धा जवळजवळ अशक्य. माझ्या नावावरचं पुडकं एक किलोच्या आतलं होतं.

जामीन मंजूर झाला. पण जामीनदार कोण? ह्या शहरात माझं कोण होतं? मॅन्शनखालच्या मेसमध्ये इडली विकणारी अम्मा स्वतःहून कोर्टात आली आणि माझ्यासाठी उभी राहिली. तिला माझी भाषा येत नव्हती. मला तिची येत नव्हती. राव सारांना माझी भाषा येत होती.

बाहेर आल्यावर ठेकेदाराचा माणूस मॅन्शनवर आला. राव सारांनीच पाठवला होता. निरोप साधा होता. गुन्हा कबूल कर, दंड कंपनी भरेल, गावी जा. विषय संपला.

खोटं कशाला सांगू, मी तयार झालो होतो. थकलो होतो. घरी जाऊन आबांच्या पायाशी बसावं एवढंच मनात होतं. मी अक्कांना सांगितलं, कबूल करून टाकतो.

त्या चिडल्या. पहिल्यांदाच.

"दंड भरून सुटशील असं वाटतं तुला? तू गुन्हेगार म्हणून बाहेर पडशील. जन्मभर. पुन्हा कुणी तुझ्या पिशवीत काही टाकलं तर शिक्षा वाढून मिळेल. आणि इथं राज्याचा वेगळा कायदा आहे, लोक त्याला गुंडा कायदा म्हणतात. अमली पदार्थ विकणारा असा शिक्का मारला की खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं. परक्या मुलखातला गरीब माणूस, त्यात आधी कबुली दिलेला. त्यांना आणखी काय पाहिजे?"

मग त्यांनी विचारलं, "ते पुडकं तुझं होतं का?"

"नाही."

"मग कबूल काय करतोयस?"

त्या दिवशी मी चालत मरीनावर, समुद्राकाठी गेलो. वाळूत बसलो. तेव्हा लक्षात आलं. मी पुडकं कबूल करत नव्हतोच. राव सारांचं ते वाक्य कबूल करत होतो. तुमच्या लोकांत हे घरोघर चालतं. मी हो म्हटलं की ते माझ्या घराला लागणार होतं, वाड्याला, विहाराला, आबांनी खाल्लेल्या माराला. एका दंडाच्या पावतीनं ते आमच्या सगळ्यांवर गोंदलं गेलं असतं.

कोर्टात आरोप वाचून दाखवला. मग तमिळमध्ये विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तोवर मेसमधल्या अम्माशी बोलून बोलून मला तमिळ उमगायला लागली होती. दुभाष्या तोंड उघडायच्या आत मी बोललो.

"इल्लै, अय्या."

नाही, साहेब. आवाज चिरकला. पण सगळ्यांना ऐकू गेला.

खटला रेंगाळला. नोकरी गेलीच होती. एका गॅरेजमध्ये मिळेल ते काम केलं. प्रत्येक तारखेला हजर राहिलो. राव सार साक्षीदार म्हणून आले. पुडकं निघालं तेव्हा आपण समोर होतो, लॉकर ह्याचाच, असं ठाम सांगितलं. अक्कांनी विचारलं, लॉकरला कुलूप होतं का? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नव्हतं. त्या खोलीत कोणकोण जाऊ शकत होतं? कोणीही. माल आरोपीसमोर तोलला, सील केला का? आठवत नाही. राव सारांचा आवाज खाली खाली जात राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या मुलखाबाहेर ज्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा माझी भाषा ऐकली, त्याला मी खोटं बोलताना बघत होतो.

निर्दोष सुटलो. पुतण्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. तो आता कंपनीत डायरेक्टर आहे.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात राव सार भेटले. वाट पाहत थांबले असावेत.

"झालें तें झालें. विसरून जा. पुन्हा कामावर ये, मी बघतों."

मी म्हणालो, "राव सार, माझा बाप बैठकीत बोलायचा बंद झालाय. त्याला तुम्ही बोलता करा. मग मी विसरतो."

ते घाम पुसत खाली उतरून गेले.

मी आबांना फोनवर निकाल सांगितला. ते "बरं झालं" म्हणाले आणि फोन मायकडे दिला. एवढंच.

गावी ये, असं माय म्हणते. मी गेलो नाही. अक्कांच्या मदतीनं मी कंपनीविरुद्ध, राव सारांविरुद्ध मला खोट्या गुन्ह्यात अडकवल्याची तक्रार दाखल केली आहे. तीत पुतण्याचं नाव लिहिलंय. पूर्ण नाव. माणसं येतात, मिटवून टाक म्हणतात. अक्का मला आधीच म्हणाल्या आहेत, ही लढाई हरण्याचीच शक्यता जास्त आहे. मला ते कळतं. मी हरेन, पण मागे घेणार नाही. ज्यांनी माझ्याकडून गुन्हा कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांना आता भर कोर्टात, शपथेवर, माझ्याकडे बघून उत्तर द्यावं लागेल. तोवर मी ह्या शहरातून हलणार नाही.